धागा : जुन्या टर्बो पेट्रोलचं आयडलिंग ११५० च्या खाली येईना

चौथा_गिअर (पुणे) · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. २००५ ची टर्बो पेट्रोल सेडान आहे माझ्याकडे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून "घेतलीत कशाला" सुरू होईल. इंजिन सांगतो : १७८१ सीसी, २० व्हॉल्व्ह, टर्बो, केबल नसलेला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार). जाणकारांना एवढ्यावरून कळेल. रनिंग १ लाख ३८ हजार.

दुखणं असं. आयडलिंग, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचे आरपीएम (मिनिटाला फेरे). सकाळी स्टार्ट केली की काटा १२०० वर, ते ठीक, गार इंजिन आहे. पण तापल्यावर ८५० ला उतरायला हवा, तो उतरतच नाही. ११५० वर बसून राहतो, कधी १००० ते १२०० मध्ये डोलतो. सिग्नलला पहिल्यात टाकून क्लच सोडला की गाडी आपणहून पुढच्या रिक्षाला भेटायला निघते.

आत्तापर्यंत केलेलं : चार प्लग, थ्रॉटल बॉडी सफाई, आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर नवा (९२०० रुपये). काडीचा फरक नाही. आता गॅरेजवाला म्हणतो ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय, ४५ हजार लागतील. घालू का?

टाइमपास_तात्या · शनिवार, रात्री ९:५२

घेतलीत कशाला?

चौथा_गिअर · शनिवार, रात्री ९:५५

तात्या, कंपनीचं नाव न सांगताही जमवलंत. मानलं.

कोल्हापुरी_पाना (कोल्हापूर) · शनिवार, रात्री ११:१०

ईसीएम बदलू नका हो दादा. बावीस वर्षं पाना धरतोय, खरोखर मेलेले ईसीएम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बघितलेत, आणि त्यातले निम्मे पाणी शिरून गेलेले. "ईसीएम गेला" म्हणजे "मला कळत नाही" याचं गॅरेजी भाषांतर.

आधी एवढं सांगा :

स्कॅनर लावला होता का? कोड काय आले? फक्त "सेन्सरचा एरर आहे" असं नको, आकडा पाहिजे.

फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोलच्या मापात किती टक्के वाढ-घट करतोय ते) आयडलिंगला किती आणि २५०० ला रेस धरून किती?

बोनेट उघडल्यावर बारीक शिट्टी ऐकू येते का?

चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल केलं तर आवाज बदलतो का?

ब्रेक मारताना पेडल कधी दगडासारखं लागतं का? तुम्हाला वाटेल ब्रेकचा काय संबंध. आहे.

स्कॅनर नसेल तर ६००-७०० रुपयाचं ब्लूटूथवालं येतं, मोबाइलवर दिसतं सगळं. नऊ हजाराच्या सेन्सरआधी ते घ्यायचं असतं, असो.

सोनचाफा (नाशिक) · रविवार, सकाळी ८:०५

वाचतेय. माझी टर्बो डिझेल आहे, २०११ ची, तिचंही आयडलिंग कधी कधी १००० ला जातं. हेच सगळं तपासू का?

निवृत्त_मास्तर (सातारा) · रविवार, सकाळी १०:३०

सोनचाफाताई, तुमचं पाठ्यपुस्तक वेगळं. पेट्रोलमध्ये इंजिनाचा वेग हवेने ठरतो, थ्रॉटलने हवा अडवलेली असते. डिझेलमध्ये हवा मोकळी, वेग ठरतो आत जाणाऱ्या डिझेलच्या मापावर. त्यामुळे एखादी व्हॅक्यूमची नळी फाटली म्हणून डिझेल रेस धरत नाही. तुमच्याकडे अ‍ॅक्सिलरेटरच्या पॅडलचा सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, आणि बॅटरी कमी व्होल्टेज दाखवत असेल तर ईसीएमने मुद्दाम चढवलेलं आयडलिंग, या क्रमाने बघा.

एक मात्र लक्षात ठेवा. डिझेलची रेस आपणहून चढतच गेली, मागे निळा-पांढरा धूर आला आणि चावी काढूनही बंद होईना, तर टर्बोच्या सीलमधून ऑइल आत जाऊन इंजिन ते ऑइलच जाळतंय. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बोनेट उघडून वाकून बघत बसू नका.

आता मूळ धाग्याकडे. पार्ट घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : जास्तीची हवा कुठून शिरतेय? एअर फ्लो सेन्सर, मग टर्बो, मग इंटरकूलर, मग थ्रॉटल, मग मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा नळ), असा हवेचा रस्ता आहे. गळती थ्रॉटलच्या *आधी* असेल तर पिकअप मरतो, काळा धूर येतो, मिश्रण बिघडतं, पण आयडलिंग सहसा चढत नाही, कारण शेवटी हवेला थ्रॉटलच्याच दारातून जायचंय. आयडलिंग चढतं ते थ्रॉटलच्या *नंतर* हवा शिरली तर, किंवा दारच नीट बंद होत नसेल तर. इंटरकूलरची नळी, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, टर्बोचा स्वतःचा खुळखुळाट ही मंडळी तुमच्या गुन्ह्यात बहुधा नाहीत.

रत्नागिरीचा_आंबेमोहोर · रविवार, दुपारी १:१५

अवांतर : माझ्याकडे व्हॅक्यूम गेज आहे. रत्नागिरीत गाडी २० इंच दाखवते, पुण्याला गेलो की १८. पुण्यातला एक फिटर म्हणाला इंजिन कमजोर आहे. खरं का?

निवृत्त_मास्तर · रविवार, दुपारी १:४०

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर बाहेरच्याच हवेचा दाब जवळजवळ दोन इंच पाऱ्याने कमी असतो. तुमचं इंजिन ठणठणीत आहे, फिटरचा भूगोल कमजोर आहे.

चौथा_गिअर · सोमवार, रात्री १०:२०

ब्लूटूथवालं घेतलं. नाना पेठेत ६५० ला मिळालं. आकडे, इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद :

कोड दोन : पी०१७१ आणि पी०५०७.
आरपीएम ११५०.
एअर फ्लो २.९ ग्रॅम प्रति सेकंद.
लाँग टर्म ट्रिम आयडलिंगला अधिक १९, २५०० ला अधिक ४.
पाण्याचं तापमान ९१.

शिट्टी आहे. बारीक, उन्हाळ्यात कुकरचं रबर जुनं झालं की येते तशी. ऑइलचं झाकण सैल केलं तर काहीच फरक नाही. आणि हो, ब्रेक! गेल्या महिन्यात खंबाटकी उतरताना दोनदा पेडल कडक लागलं होतं. मी पॅड बदलायला आलेत असं समजून गप्प बसलो.

कोल्हापुरी_पाना · सोमवार, रात्री १०:४५

आला बघा मासा गळाला. पी०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पी०५०७ म्हणजे आयडलिंग ठरलेल्यापेक्षा वर. ट्रिम आयडलिंगला १९ आणि रेसला ४ हा तर फोटो काढून फ्रेम करून ठेवावा असा नमुना आहे. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम आयडलिंगला जबरदस्त असतो, भोकातून हवा ओढली जाते. रेस दिली की मुळातच इतकी हवा जाते की भोकातली चोरी त्यात दिसत नाही. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, रेसला ट्रिम वाढली असती.

ऑइलचं झाकण उघडून फरक पडत नाही, म्हणजे क्रँककेसच्या ब्रीदरमध्ये (इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून नेणाऱ्या नळ्यांत) आधीच कुठेतरी उघडं आहे. ऑइल फिल्टरच्या वरून एक जाड नळी निघते, मॅनिफोल्डच्या पोटाखालून जाते, तिचा एक फाटा चेक व्हॉल्व्हमधून (हा हवा एकाच दिशेने सोडतो) मॅनिफोल्डला लागतो. माझा संशय तिथे. साध्या गाडीत ही नळी फक्त ओढली जाते. टर्बोत चेक व्हॉल्व्ह म्हातारा झाला की बूस्टच्या, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरतो त्या वेळी ती फुगवलीपण जाते. वरून ऑइलची वाफ, खालून ब्लॉकची धग. वीस वर्षं कोणतं रबर टिकंल?

ब्रेक बूस्टरचा (पेडलला जोर देणारा डबा) व्हॅक्यूम त्याच शेजारातून येतो. गाडी बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, दाबून धरा, स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. खाली गेलं नाही तर घाटात जाऊ नका, मग आयडलिंगचं बघू.

निवृत्त_मास्तर · मंगळवार, सकाळी ७:५०

रात्री झोप येईना म्हणून तुमच्या आकड्यांचा हिशेब मांडला.

१७८१ सीसीचं चार स्ट्रोक इंजिन ११५० आरपीएमला मिनिटात ५७५ वेळा पोट भरतं, म्हणजे १०२४ लिटर. पुण्यात लिटरभर हवा साधारण १.१ ग्रॅम. पोटभर घेतली तर सेकंदाला जवळजवळ १९ ग्रॅम. पण आयडलिंगला इंजिन ढोबळमानाने पाचव्या हिश्शाएवढंच भरतं, म्हणजे साडेतीन ते पावणेचार ग्रॅम. सेन्सर सांगतो २.९. त्यावर ट्रिमचे १९ टक्के चढवा : ३.४५. जमलं. म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त हवा सेन्सरला चुकवून शिरतेय, आणि तुमचा एअर फ्लो सेन्सर खरं बोलतोय. बहुधा जुनाही खरंच बोलत होता.

मॅनिफोल्डमध्ये इतका व्हॅक्यूम असताना भोकातून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला टेकते, शिट्टी त्याचीच. एका चौरस मिलिमीटरमधून सेकंदाला साधारण ०.१५ ग्रॅम. तेव्हा तुमचं भोक साडेतीन चौरस मिलिमीटरचं, म्हणजे फक्त दोन मिलिमीटर व्यासाचं निघतं. मोठं काही शोधू नका, नजर बारीक ठेवा.

पण इथेच मला खटकतंय. दोन मिलिमीटरच्या भोकाने ११५० होऊ नये. ईसीएमने थ्रॉटल थोडा आणखी मिटून ८५० राखायला हवेत, तेवढी सोय त्याच्याकडे असते. एका भोकात हे सगळं बसत नाही. म्हणून विचारतो : थ्रॉटल सफाईच्या आधी आयडलिंग किती होतं?

चौथा_गिअर · मंगळवार, दुपारी १२:३०

मास्तर, नीट आठवून सांगतो. सफाईच्या आधी ९००-९५०, कधीकधी. तेव्हा फक्त "थोडं जास्त आहे" अशी तक्रार होती. ११५० सफाईनंतर. गॅरेजवाला म्हणाला होता सेट व्हायला दोन दिवस लागतात. आता अडीच महिने झाले.

डेट्रॉइटकर · मंगळवार, रात्री ११:००

इथे याच क्षेत्रात, इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो म्हणून लिहितो. मास्तरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये ईसीएम पाकळीची (हवा अडवणारी चकती) पूर्ण बंद जागा शिकून ठेवतो. वर्षानुवर्षं काठाला काजळी साचते तसतसं तो आपलं गणितही सरकवत जातो : "इतकं उघडलं तर इतकी हवा." तुम्ही कार्ब क्लीनर मारून काजळी काढली की तेवढ्याच कोनाला जास्त हवा जाते, आणि ईसीएम जुन्याच वहीवर चालतो. बॉडी काढून-घालून बंद जागेचा आकडा हलला असेल तर त्याला वाटतं आपण तळाला टेकलो, प्रत्यक्षात पाकळी केसभर उघडी. याला उपाय ती बंद जागा नव्याने शिकवणं, म्हणजे थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन. या इंजिनाच्या ईसीएमवर ते स्कॅनरच्या बेसिक सेटिंग मेनूमध्ये ग्रुप ०६० ला होतं. इग्निशन चालू, इंजिन बंद, पॅडलला पाय नाही, बॅटरी चांगली. पाकळी गुरगुरते आणि काही सेकंदांत "ओके" येतं.

पण आधी गळती काढा. कोड साठलेले असताना अ‍ॅडॅप्टेशन बहुतेक वेळा अर्ध्यावर सुटतं.

टाइमपास_तात्या · बुधवार, सकाळी ९:१०

गळती शोधायला आमच्या आळीतला फिटर उदबत्ती फिरवतो. धूर जिथे आत ओढला जातो तिथे भोक. वर गाडीला सुवासही.

कोल्हापुरी_पाना · बुधवार, सकाळी ९:३०

तात्या, पेट्रोलच्या गाडीवर पेटती उदबत्ती नको. इंजेक्टरच्या ओ-रिंगमधून थेंबभर गळत असेल तर सुवासाऐवजी दशक्रिया. स्प्रे मारून शोधणारेही आहेत, पण टर्बोचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड भयंकर तापलेलं असतं, मी ते करत नाही आणि पोरांना करू देत नाही.

गरिबाचा उपाय : हातभर पेट्रोल पाईप घ्या, स्कूटरचा चालेल, नवा कोरा. एक टोक कानाला, दुसरं नळ्यांवरून हळूहळू फिरवा. पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. शिट्टी जिथे कानात घुसते तिथे थांबा. मग त्या नळीला पक्कडीने, मध्ये फडकं घालून, अलगद चिमटा. आरपीएम पडले की चोर सापडला. बूस्टर, टाकीच्या वाफेचा एन८० व्हॉल्व्ह, ब्रीदर, एकेक करून. एन८० काढून फुंकून बघा, करंट नसताना तो बंद असला पाहिजे.

कॉम्प्रेसरने दाब देऊन तपासणार असाल तर ८-१० पीएसआय बास. टायरसारखे ३० भराल तर ऑइल सील बाहेर येतील.

चौथा_गिअर · रविवार, संध्याकाळी ६:४५

सापडलं! सविस्तर लिहितो.

ब्रेकची चाचणी आधी केली. पेडल खाली गेलं, पण अळंटळं करत. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातभर पाईप कानात घालून बोनेटमध्ये डोकं. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. बूस्टरची नळी, शांत. एन८०, नुसती टिकटिक. इंजेक्टर, चारही शांत. मग पाईपचं टोक मॅनिफोल्डच्या खाली सरकवलं आणि कानात कुकरच फुटला.

जागा दिसत नव्हती. बायकोचा पावडरचा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. ब्रीदरचा फाटा चेक व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डला वळतो त्या कोपराच्या खालच्या अंगाला चीर. नळी चिमटली तर आरपीएम ११५० वरून १०३० ला. गाडी गार झाल्यावर काढली. वरून पाहिली तर नवीसारखी, काळी, गुळगुळीत. दाबली तर जास्त वेळ भिजलेल्या चकलीसारखी मऊ, हाताला काळं ऑइल. कोपर वाकवलं की चीर ओठासारखी उघडते. मोजली : १२ मिलिमीटर लांब, उघडून फार तर पाव-अर्धा मिलिमीटर. मास्तर, तुमचे साडेतीन चौरस मिलिमीटर बरोब्बर बसतात हो! इंजिन तापून रबर सैल झालं की ती उघडायची. गार असताना रेस तशीही वर असते, म्हणून कळायचं नाही.

चेक व्हॉल्व्ह तोंडाने फुंकला, दोन्ही बाजूंनी हवा जाते. म्हणजे तो नावालाच.

नळी आणि चेक व्हॉल्व्ह मिळून २४०० रुपये. बूस्टरच्या लाइनचा छोटा चेक व्हॉल्व्हही बदलला, ४५०. बसवलं, कोड पुसले, कात्रजपर्यंत चक्कर. शिट्टी बंद. ट्रिम अधिक ३. ब्रेकचं पेडल मऊ.

आयडलिंग १०१०. खाली येत नाही.

निवृत्त_मास्तर · रविवार, संध्याकाळी ७:००

उत्तम. उरलेले दीडशे थ्रॉटलचे आहेत. ग्रुप ०६०.

चौथा_गिअर · मंगळवार, रात्री ९:१५

माझ्या ब्लूटूथवाल्यात ती सोय नाही. आधीच्या गॅरेजच्या स्कॅनरमध्येही नव्हती, म्हणून "दोन दिवसांत सेट होईल." ऑफिसातल्या एकाकडे या घराण्याच्या गाड्यांची केबल आणि लॅपटॉप निघाला. पार्किंगमध्येच केलं. पहिल्यांदा एरर. मी सवयीने पॅडलवर पाय ठेवून बसलो होतो. पाय काढला, पुन्हा दिलं. बोनेटमधून मधमाशी डब्यात अडकल्यासारखा आवाज आला, चारेक सेकंद, आणि स्क्रीनवर ओके.

स्टार्ट केली. तापू दिली. ८४०. एसी लावला, काटा किंचित हलला आणि परत ८४० ला. पंखा लागला तरी तिथेच. मी आणि तो ऑफिसवाला दोघं दहा मिनिटं नुसते काट्याकडे बघत बसलो होतो, त्याला घरून फोन आला तेव्हा उठलो.

जुना एअर फ्लो सेन्सर खणात होता, उत्सुकता म्हणून तोही लावून पाहिला. ८४० ला २.७ ग्रॅम, नवा दाखवतो २.८. मास्तर, तो खरंच बोलत होता.

सोनचाफा · मंगळवार, रात्री ९:४०

अभिनंदन! माझ्या डिझेलची बॅटरी होती. साडेचार वर्षांची, चालू गाडीत १२.९ व्होल्ट. अल्टरनेटरचं कनेक्शन घासून घट्ट केलं, बॅटरी बदलली, आता ८०० ला स्थिर. धन्यवाद मास्तर.

टाइमपास_तात्या · मंगळवार, रात्री ९:४८

तो जुना सेन्सर विकताय का? मेव्हण्याची तीच गाडी आहे.

चौथा_गिअर · मंगळवार, रात्री ९:५०

तात्या! घेतलीत कशाला?

कोल्हापुरी_पाना · मंगळवार, रात्री १०:३०

झकास. आता एक काम : ५०० किलोमीटर झाले की त्या नव्या नळीच्या दोन्ही क्लिपा परत आवळा. नवं रबर बसतं, क्लिप सैल पडते. स्प्रिंगच्या क्लिपा असतील तर काढून स्क्रूवाल्या घाला, १९ ते २५ च्या मापाची बसंल. जास्त पिळू नका, नळी कापली जाते.

चौथा_गिअर · मंगळवार, रात्री १०:३४

स्प्रिंगच्याच आहेत. शनिवारी बदलतो.